पहिला वार आणि माणसाचा सातवा हिस्सा

अंगठ्याच्या पेराएवढे रंगवलेले शिपाई टेबलावर मांडून, पट्टीने अंतरे मोजत आणि फाशांनी निकाल लावत खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत एक वाद वर्षानुवर्षे चालत आलेला आहे, आणि तो असा, की जो पहिला वार करतो तोच जिंकतो की काय. या वादाचे वैशिष्ट्य हे, की तो लढाईपूर्वी सहसा होत नाही. तो लढाई संपल्यावर, शिपाई स्पंजाच्या खाचांत परत निजवताना होतो, आणि तो उपस्थित करणारी व्यक्ती बहुधा हरलेली असते. ज्ञानाच्या इतर शाखांत एखाद्या सिद्धांताच्या प्रतिपादकाचे हितसंबंध इतके उघडे असतील तर त्याला परीक्षक मंडळावरून नम्रपणे उठवले जाते. येथे मात्र त्याच्याच साक्षीवर सगळे शास्त्र उभे आहे.

विवेचनापूर्वी ‘पहिला’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत, कारण तावातावाने बोलणारे ते हटकून एकत्र करतात. पहिला अर्थ पाळीचा: एका खेळाडूने आपली सगळी फौज हलवायची, मग दुसऱ्याने. या अर्थाने पहिले असण्याचा थोडा फायदा होतो हे बुद्धिबळात पांढरी मोहरी घेणारा प्रत्येक जण जाणतो, आणि ‘गो’ या खेळात तर नंतर खेळणाऱ्याला जपानी नियमांप्रमाणे साडेसहा गुणांची भरपाई मिळते; आपल्याकडच्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग असा स्पष्ट कायदा असून भरपाईची तरतूद नाही. दुसरा अर्थ वाराचा: दोन तुकड्या एकमेकींना भिडल्या, हातघाई सुरू झाली, की तलवार आधी कोणाची चालणार? प्रस्तुत विवेचन मुख्यतः या दुसऱ्या अर्थाचे आहे, कारण मैत्री तुटण्याची शक्यता त्याच्यात जास्त आहे.

जुन्या शास्त्रकारांना हा धोका दिसलेला होता. प्रशियाच्या सैन्यासाठी धाकट्या राइसविट्झने १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळात दोन्ही पक्ष आपापले हुकूम पंचाकडे देत आणि पंच दोन-दोन मिनिटांच्या टप्प्यांनी दोन्ही फौजा एकदमच पुढे सरकवी, त्यामुळे ‘आधी कोण’ हा प्रश्न खेळाडूंच्या हाती उरतच नसे. उरे तो पंचावरचा राग, आणि तो लष्करी शिस्तीत गिळता येतो. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हाच छंद घराच्या फरशीवर आणला. त्याच्या खेळात फासे नव्हते. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफांतून लाकडी खिळी खरोखरच उडवायची आणि जो शिपाई पडेल तो मेला, असा रोखठोक व्यवहार होता. परंतु त्यानेही नियम घातला, की पहिल्या खेळाडूची दुसरी चाल येईपर्यंत तोफ डागायची नाही. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, गुडघ्यांवर रांगणाऱ्या प्रौढ माणसांमध्येही, पहिल्या वाराला लगाम घालावा लागला होता.

हा लगाम पुढे सैल झाला. इंग्लंडमध्ये १९८३ साली निघालेल्या ‘वॉरहॅमर’ या खेळाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये, धाव घेऊन भिडणाऱ्या तुकडीला (या धावेला ‘चार्ज’ म्हणतात) त्या फेरीत आधी वार करण्याचा मान होता, आणि शत्रूच्या पुढच्या रांगेत जितके मरतील तितक्यांचा उलटा वार बुडत असे. मानवी पायदळाची धाव आठ इंचांची, एल्फ नावाच्या लांब कानांच्या जमातीची दहा इंचांची. आणि धाव जाहीर करण्यापूर्वी अंतर मोजण्यास सक्त मनाई. मोजायचे ते फक्त डोळ्यांनी. धाव जाहीर केली आणि अंतर आठऐवजी सव्वाआठ निघाले, तर तुकडी चार इंच चालून, बोडक्या माळावर, शत्रूच्या पुढ्यात उभी राही, आणि पुढच्या पाळीत शत्रू तिच्यावर धावून येई. ‘उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण लष्करी वाङ्मयात इतकी चपखल अन्यत्र कोठे बसत नाही.

या एका नियमाने जी संस्कृती जन्माला घातली तिचा अभ्यास मानववंशशास्त्राने करावयास हवा होता. चाळिशीतला, एरवी बँकेत कर्जाची प्रकरणे पाहणारा गृहस्थ हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवतो, एक डोळा मिटतो, आणि हिरव्या कापडावरच्या रिकाम्या पट्ट्याकडे असा रोखून पाहतो, की पाहणाऱ्याला वाटावे याचे काही हरवले आहे. त्याचा एक हात टेबलावर सहज विसावलेला असतो. हा सहजपणा खोटा असून मनगटापासून कोपरापर्यंतचे अंतर किती इंच आहे हे त्याने घरी, दार लावून, मोजून ठेवलेले असते. समोरचाही हे ओळखून असतो, कारण त्यानेही बाही दुमडलेली असते. मग दोन्ही फौजा परस्परांपासून साडेआठ इंचांवर येऊन थांबतात, आणि पुढच्या दोन पाळ्या कोणीच हलत नाही. दोन बलाढ्य सैन्ये लग्नाच्या पंगतीत पहिले कोण बसणार याची वाट पाहणाऱ्या सभ्य पाहुण्यांसारखी ताटकळतात. पहिल्या वाराचा खरा प्रताप येथे दिसतो: वार होण्याआधीच त्याने निम्मा खेळ खाल्लेला असतो.

आता प्रत्यक्ष वाराकडे वळू, कारण तेथे अंकगणित फार निर्दय आहे. समान दर्जाचे साधे शिपाई समोरासमोर आहेत असे धरले, तर प्रत्येक वाराला तीन पायऱ्या ओलांडाव्या लागतात. वार लागला पाहिजे, त्यासाठी सहा बाजूंच्या फाशावर चार किंवा अधिक. लागलेल्याने जखम झाली पाहिजे, पुन्हा चार किंवा अधिक. आणि मग ज्याला जखम झाली त्याला चिलखताचा फासा मिळतो, ज्यावर पाच किंवा सहा आले तर जखम झालीच नाही असे समजायचे. (चिलखताचे महत्त्व मराठी वाचकाला समजावून सांगणे अगोचरपणाचे होईल, १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी, बखरकारांच्या म्हणण्याप्रमाणे, पहिला वार अफझलखानानेच केला होता, आणि तो चिलखतावर खरखरला.) अर्ध्याचा अर्धा आणि त्याचा दोन तृतीयांश, म्हणजे एका वारात माणूस मरण्याची शक्यता एक षष्ठांश. पाच शिपायांनी रणगर्जना करीत केलेल्या पहिल्या वारात सरासरी ०.८३ माणूस मरतो. ज्या वारासाठी दोन पाळ्या टेबलाला हनुवटी टेकवली, त्याचे फळ एक अख्खा माणूसही नाही.

उरलेले ४.१७ शिपाई उलटा वार करतात आणि ०.६९ माणूस मारतात. दोहोंतला फरक, म्हणजे पहिला असण्याचे निव्वळ उत्पन्न, ०.१४ माणूस, ढोबळमानाने एका माणसाचा सातवा हिस्सा: फार तर एक हात आणि त्यातली ढाल. परंतु येथेच न थांबणे न्यायाचे होईल, कारण हरलेल्याचे म्हणणे अगदीच निराधार नाही. हेच पाच शिपाई अधिक मारक असते, प्रत्येक वाराला माणूस मरण्याची शक्यता एक षष्ठांशाऐवजी निम्मी असती, तर पहिल्यांनी अडीच मारले असते, उरलेल्या अडीचांनी सव्वा मारला असता, आणि फरक सव्वा माणसाचा पडला असता. मारकता तिप्पट, तर फायदा नऊपट. म्हणजे पहिल्या वाराचा लाभ मारकतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लाटणे घेऊन भांडणाऱ्या दोन पक्षांत आधी कोणी मारले याला विशेष अर्थ नसतो, आणि दोघांच्याही हाती तोफा असतील तर दुसऱ्या कशालाच अर्थ नसतो. वाद इतका लांबण्याचे कारण हेच, की एक जण लाटण्याचा अनुभव सांगत असतो आणि दुसरा तोफेचा, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, जी वादासाठी सर्वांत वाईट परिस्थिती होय.

यावरही खेळाच्या कर्त्यांनी एक मेख मारून ठेवली होती. हातघाईचा निकाल केवळ मृतांवर लागत नसे. मागे नुसत्या उभ्या असलेल्या प्रत्येक भरल्या रांगेचा एक गुण, असे कमाल तीन, झेंड्याचा एक, संख्येने जास्त असल्याचा एक, अशी बेरीज होई. पाच घोडेस्वार भाले रोखून पंचवीस साध्या पायदळावर समोरून धावून गेले असे समजा. भाल्यासमोर चिलखत चालत नाही, घोडेही लाथा झाडतात, आणि सरासरीने साडेतीन माणसे जमीनदोस्त होतात. फासे जरा रुसले म्हणून तीनच झाली असे धरू. पुढच्या रांगेत उरलेले दोघे स्वारांच्या पोलादावर तलवारी बोथट करून घेतात. स्वारांचा एकही पडलेला नाही. स्वारांचे गुण: मृत तीन, झेंडा एक, एकूण चार. पायदळाचे गुण: रांगा तीन, झेंडा एक, गर्दी एक, एकूण पाच. पहिला वार करणारे, तीन जणांना मारणारे आणि स्वतः अक्षत राहिलेले स्वार लढाई एका गुणाने हरले. आता धैर्याची परीक्षा: नेतृत्वगुण आठ, त्यातून हरल्याचा एक वजा, म्हणजे दोन फाशांची बेरीज सातहून अधिक आली की ते राजघराण्यातले वीर घोडे वळवून पळ काढणार, आणि हे छत्तीसातून पंधरा वेळा घडते. कशामुळे? मागच्या रांगांतील पंधरा माणसांमुळे, ज्यांनी तलवार उपसलीही नव्हती आणि पुढे काय चालले आहे हे ज्यांना बहुधा दिसतही नव्हते. रांगेत नुसते उभे राहण्याचे इतके मोल अन्यत्र केवळ सरकारी कचेरीच्या खिडकीसमोर आढळते.

हे गणित छापील नियमांतून कोणालाही करता येत असूनही तक्रारी थांबल्या नाहीत, आणि कायदेमंडळाने कायद्यावर कायदे केले. २००७ मध्ये हाय एल्फ सैन्याच्या पुस्तकात त्यांना ‘नेहमी पहिला वार’ असा हक्क मिळाला, आणि तो इतका निरपवाद, की सर्वांत शेवटी फिरणारी जड दुहाती तलवारही त्यांच्या हातात आधी फिरू लागली. २०१० च्या आठव्या आवृत्तीने मग सगळेच उलटे केले: वाराचा क्रम चपळाईच्या आकड्यावर ठरू लागला, मेलेल्याच्या जागी मागचा शिपाई पुढे सरकून लढू लागला, धाव घेणाऱ्याच्या वाट्याला निकालात एक गुण तेवढा राहिला, आणि अंतर केव्हाही मोजण्याची मुभा मिळाली, ज्यामुळे कोपराच्या विद्येत आयुष्य घालवलेली एक पिढी एका रात्रीत निरक्षर झाली. त्यातच ‘नेहमी पहिला’ असे दोघे समोरासमोर आले तर काय, हा प्रश्न होता. नियमाने त्यांना एकाच वेळी वार करायला लावले. म्हणजे ‘मी पहिला’, ‘नाही, मी पहिला’ या भांडणावर एखाद्या आईने दोघांनाही एकेक धपाटा देऊन जो निकाल लावला असता, तोच मुद्रित स्वरूपात देण्यात आला.

‘वॉरहॅमर’च्याच २०१५ च्या ‘एज ऑफ सिग्मार’ या अवताराने हातघाईत दोन्ही खेळाडूंनी आळीपाळीने एकेक तुकडी लढवावी असे ठरवले, पण पाळी कोणाची हे मात्र दर फेरीला नव्याने फाशावर सोपवले, त्यामुळे एखाद्याला लागोपाठ दोन पाळ्या मिळू लागल्या आणि दुसऱ्याला चहा करून आणण्यास पुरेसा अवधी. इतरांनी वेगळ्या वाटा काढल्या होत्याच. फिल बार्कर यांच्या परंपरेतला, प्राचीन युद्धांचा ‘डीबीए’ हा १९९० चा खेळ वाराचा क्रमच मानत नाही: दोघेही एकेक फासा टाकतात, आपापला आकडा मिळवतात, आणि ज्याची बेरीज कमी तो मागे हटतो किंवा मरतो. अवकाशयानांच्या ‘एक्स-विंग’ या २०१२ च्या खेळात कौशल्याचा अंक जास्त असलेला वैमानिक आधी गोळी झाडतो, पण अंक समान असतील तर ज्याच्या यानाच्या ठिकऱ्या उडाल्या तोही आपली गोळी झाडून घेतो आणि मगच टेबलावरून उचलला जातो. मृत्यूनंतरही शिल्लक कामकाज उरकण्याची ही सोय प्रस्तुत लेखकास विशेष मानवी वाटते.

इतके होऊनही हिशेबाच्या वहीत एक विसंगती उरते. आपण पहिला वार करून जिंकलो तर ते डावपेच असतात, तोच वार समोरच्याने करून तो जिंकला तर ते नशीब असते, आणि आपण पहिला वार करून हरलो तर तो वार कोणाच्या लक्षातच राहत नाही. त्यामुळे लक्षात राहणाऱ्या लढायांपैकी बहुतेक सर्व पहिल्या वारानेच ठरलेल्या असतात, हे विधान सत्य आहे, आणि एकेका खेळाडूच्या बाबतीत ते तपासून पाहता येते: पाच घोडेस्वारांचा मालक त्या दिवशीची लढाई सांगताना आपल्या भाल्यांखाली पडलेल्या तिघांचा उल्लेख करीत नाही, तो सांगतो, की उजव्या बाजूला एल्फांनी आधी वार केला, आणि हे सांगताना त्याचा उजवा हात, बाही दुमडलेली, टेबलाच्या कडेपासून मधल्या टेकडीपर्यंत सहज विसावलेला असतो.