आरएसपीवाली पोट्टी

मूल, सिंदेवाही, चामोर्शी, वडसा, कुठेही जा, ही पोट्टी भेटेलच. वर्ग नववा, दोन वेण्या, तोंडभर हसू आणि गळ्यात शिट्टी. माझ्या वाट्याला आलेला नमुना म्हणजे माझी भाची.

आठवीत तिला सरकारच्या 'मानव विकास' कार्यक्रमातली सायकल मिळाली आणि वर्षभर ती सायकलवर खूश होती. मग शाळेच्या आरएसपी पथकात, म्हणजे रोड सेफ्टी पॅट्रोलमध्ये, तिने नाव घातलं. एका शनिवारी सरांनी आपली स्प्लेंडर मैदानात मेन स्टँडवर लावून क्लच, ब्रेक, गिअर समजावले. तेव्हापासून कार्टी जेवतानाही डावी मूठ आवळते. "क्लच दाबला," म्हणते आणि मगच पुढचा घास घेते.

गंमत अशी की तिने गाडी अजून एक फूटही चालवलेली नाही, आणि चालवणारही नाही. गिअरच्या गाडीला अठरा पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो बिनगिअरच्या, 50 सीसीपर्यंतच्या गाडीचा, आणि तसली गाडी हल्ली शोरूममध्ये मिळणं मुश्कील. मोटार वाहन कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. कलम 199-अ. पाढ्यांत अडखळणाऱ्या या पोरीला कलम मात्र तोंडपाठ. वर्गातले पोट्टे ट्रिपलसीट निघाले की ही फाटकातून ओरडते, "तुमच्या बाबाले जेल होईन ना बे!"

गाडी चालवायची नाही, म्हणून ती तोंडाने चालवते. बापाच्या मागे बसली की सुरू: "बाबा, इंडिकेटर." "बाबा, तिसरा टाका, इंजिन रडून राहिलं." आजवर आरशाचा उपयोग भांग पाडण्यापुरता करणारे आमचे भाऊजी आता त्यात मागचा ट्रक पाहतात. मी निघालो की माझ्या गाडीभोवती फेरी होते. हवा, चेन, साईड स्टँड तपासल्याशिवाय "जा मामाजी" येत नाही. तोवर उन्हात उभं राहायचं, आणि चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन काही सावकाश तपासणीसाठी केलेलं नाही.

स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात, पल्सरचा पहिला खाली आणि बाकीचे वर, हे तिने आजीलाही शिकवलं. आजीने तांदूळ निवडता निवडता विचारलं, "अन् मागं जायचा कोणता?" "तो नसते, आजी. पायानं ढकलाची." "मंग कायची गाडी? आमचे बैल तरी मागं सरत होते."

गुढीपाडव्याला डोंबिवलीच्या शोभायात्रेतला, नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या बायांचा व्हिडिओ तिच्या आईने कौतुकाने दाखवला. हिने तो डोळे बारीक करून पाहिला. "एकीच्याबी डोक्यावर हेल्मेट नाही," म्हणाली आणि मोबाईल परत दिला.

चंद्रपूर-मूल रस्ता जंगलातून जातो, तेव्हा तिने सरांना विचारलं, "वाघ आडवा आला तर हॉर्न वाजवाचा का?" सर म्हणाले, गाडी लांब थांबवायची आणि त्याला आधी जाऊ द्यायचं. तिच्या वहीत 'आधी वाट द्यावी' या मथळ्याखाली आता तीन नावं आहेत: ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, वाघ.

एवढी हौस कशासाठी, ते मला मंडईच्या दिवसांत कळलं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, झाडीपट्टीचं नाटक रात्रभर रंगतं. पोट्टे गाडीला किक मारून निघतात. बाया मात्र दुपारपासून एकच प्रश्न विचारत बसतात: "कोणी नेणारं हाय का?" दवाखान्याला तोच प्रश्न, माहेरालाही तोच. मानव विकासची निळी बस मुलींना शाळेत नेते आणि आणते. नाटकाला काही ती जात नाही. भाचीने घरात नजर फिरवली आणि तिच्या लक्षात आलं, की अठरा पूर्ण झालेली एक बाई इथे आहेच. आई!

मग चुलीपाशी शिकवणी लागली. भाकरी थापता थापता माझी बहीण वाहतुकीची चिन्हं ओळखू लागली. लाल गोलातलं पी, त्यावर तिरकी रेघ? "गाडी लावाची नाही." शिकाऊ परवान्याची परीक्षा तिने ऑनलाइन दिली, पास झाली, आणि त्या दिवशी घरात कुणाचा तरी दहावीचा निकाल लागल्यासारखा शिरा झाला.

आता धान कापलेल्या बांधीशेजारच्या मैदानात रोज संध्याकाळी सराव चालतो. गाडीला लाल 'एल', हँडलवर आई, कडेने शिट्टी फुंकत धावणारी भाची. परवानाधारक म्हणून मागच्या सीटवर भाऊजी. बायकोच्या मागे बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नाही.

"अहो, हलू नका," बहीण म्हणते, "दुसरा टाकून राहिली."