पोराचा उतारा किती बसला?

मु. पो. कोऱ्हाळे बुद्रुक, ता. बारामती

माननीय संस्थापक-अध्यक्ष, शिक्षणमहर्षी यांना,

फीवाढीचं पत्रक पोचलं. अभिनंदन! सव्वा लाखाला आता कुठे अभियंता शोभून दिसतो. 2025-26 च्या हंगामाची उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये. त्या हिशेबानं आपलं एक वर्ष म्हणजे पस्तीस टन ऊस, तोही तोडणी-वाहतूक कापायच्या आधीचा. नीरा डाव्या कालव्यावरचा आमचा आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा राहतो. आपली फी मात्र दर वर्षी तोडणीला येते.

1983 साली वसंतदादांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. दादा मूळचे साखरेतले. तेव्हा या दुसऱ्या कारखान्याला पहिल्याचे नियम लावायला हरकत नसावी.

शुल्क नियामक प्राधिकरण आपला खर्च पाहून फी ठरवतं. उतारा कुणीच पाहत नाही. माहितीपुस्तकात आपण सर्वांत मोठ्या पॅकेजवाल्या पोराचा फोटो छापता. एका कांडीचा रस चाखून अख्ख्या फडाचा भाव सांगितला, तर आमच्याकडे काट्यावरच भांडण होतं. ऊस नेल्यावर 14 दिवसांत पैसे दिले नाहीत तर 15 टक्के व्याज, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पोरगं गाळून बाहेर पडल्यावर 14 दिवसांत नोकरी नाही मिळाली, तर फीवर तेवढंच व्याज आपण द्यावं. मी 14 चे 140 करायलाही तयार आहे.

थोरलीची शिक्षण फी 2024 पासून सरकार भरतं. त्याच वर्षी आपण वसतिगृहाचे दर वाढवलेत. दूरदृष्टी म्हणतात ती हीच! धाकट्याची निम्मी फी राजर्षी शाहूंच्या नावच्या योजनेतून येते, पण "आधी पूर्ण भरा, आली की परत देऊ," असं आपला कारकून सांगतो. महाराजांवर एवढा अविश्वास कोल्हापूरच्या दरबारातही कुणी दाखवला नसेल.

म्हणून बँकेत गेलो. शिकेपर्यंत आणि पुढं वर्षभर हप्ता नाही, असं साहेब प्रेमानं म्हणाले. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून. मी सहकर्जदार, म्हणजे पोराला नोकरी लागो न लागो, सही माझी आहेच. सोसायटीचं पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर व्याज शून्य. तेव्हा सचिवांना विचारलं, पिकाच्या रकान्यात धाकट्याचं नाव घालता येईल का? त्यांनी क्षेत्र विचारलं. मी संगणक म्हणालो. त्यांनी अर्ज परत दिला.

शेवटची विनंती. कारखान्याच्या वार्षिक सभेत आम्ही माईक ओढून ताळेबंदावर बोलतो. संचालकांना घाम फुटतो. आपल्या संस्थेत पस्तीस-पस्तीस टन घालणाऱ्या पालकांची अशी सभा कधी असते? तारीख कळवा. चहा-बिस्किटाचा खर्च फीत धरलेला असेलच.

आपला,
एक बिगर-सभासद पालक