सापडलं!

अप्पांचं गोल्फ 7 ऑगस्ट 2021 ला सुरू झालं. टोकियो ऑलिंपिकमधली ती शनिवारची सकाळ. ज्यांनी गोल्फची काठी लांबूनही पाहिली नव्हती अशी आमच्या इमारतीतली मंडळी टीव्हीसमोर बसून अदिती अशोकला सल्ले देत होती. तिचं पदक एका फटक्यानं हुकलं. संध्याकाळी नीरज चोप्रानं सोनं आणलं आणि सगळे भाल्याकडे वळले. अप्पा मात्र त्या हुकलेल्या फटक्यापाशीच राहिले. (भाला आणला असता तर काकूंनी तो जिन्यातच अडवला असता, हेही एक कारण असावं.) त्याच ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन माने खेळला होता, म्हणजे इथल्या हवापाण्यात काही दोष नाही, एवढं त्यांनी आधी ताडून घेतलं.

अप्पा पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता. हयात कालव्यांचे उतार काढण्यात गेली. "गोल्फ म्हणजे शेवटी काय? लेव्हल!" असं त्यांनी जाहीर केलं. चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा. भोक 108 मिलिमीटर रुंद. चेंडू जागचा हलत नाही, अंगावर गोलंदाज धावून येत नाही, मारायची घाई नाही. एवढ्या सोयी असताना माणूस चुकेलच कशाला?

हा प्रश्न हल्ली ते विचारत नाहीत.

पहिला रोग स्लाइसचा. चेंडू निघतो सरळ आणि थोडं अंतर गेल्यावर उजवीकडच्या झाडीत शिरतो. काठी जिकडे फिरते त्या दिशेच्या मानानं तिचं तोंड उघडं राहतं, म्हणून चेंडूला तशी फिरकी बसते, कारण एवढंच. पण अप्पांनी त्यावर एक वही घातली. खात्याच्या सवयीनं तिला ते 'मेजरमेंट बुक' म्हणतात. तीत पायांतलं अंतर, गुडघ्याचा कोन, हवेचा रुख, आदल्या रात्रीचं जेवण, सगळ्याची नोंद आहे. मग त्यांनी पकड बदलली आणि एका रविवारी चेंडू सरळ जायला लागले. घरी येऊन बूट काढायच्या आधी ते ओरडले, "सापडलं!" काकूंना वाटलं लॉकरची किल्लीच सापडली.

दोन आठवड्यांत चेंडू डावीकडे जायला लागला. उजवीकडून डावीकडे जाताना मध्ये सरळ रस्ता लागतोच. अप्पा तेवढ्यापुरते त्यावर होते.

तेव्हापासून "सापडलं" हा शब्द आमच्या जिन्यात वरचेवर ऐकू येतो. कधी डाव्या अंगठ्यात सापडतं, कधी श्वासात. एकदा ते चष्म्यात सापडलं होतं आणि त्यापायी नवा चष्मा झाला. यूट्यूबवर एक गुरू सांगतो डोकं हलवायचं नाही, दुसरा सांगतो डोकं धरून ठेवलंत तर कंबर मोडेल. अप्पा दोघांचंही ऐकतात, तेही एकाच फटक्यात. हा माणूस लिफ्टमध्ये छत्रीनं स्विंग करतो. लग्नात आहेराच्या रांगेत उभा असताना याचे खांदे आपोआप वळतात आणि मागचा पाहुणा दोन पावलं सरकतो. बैठकीतल्या सतरंजीवर स्टीलचा पेला आडवा ठेवून त्यात ते दहापैकी आठ चेंडू घालतात. पण सतरंजीला उतार नसतो. भोकाभोवतीच्या हिरवळीवर, म्हणजे खऱ्या ग्रीनवर, उतार असतो आणि तो ओळखणं हेच तर अप्पांचं शास्त्र. ते उकिडवे बसतात, एक डोळा मिटतात, काठी लोंबती धरून ओळंबा घेतात आणि सांगतात, "डावीकडे पावणेदोन इंच." उताराचा अंदाज अचूक असतो. चेंडू मात्र भोक ओलांडून सहा फूट पुढे जातो, कारण जोर किती लावायचा ते लेव्हलमध्ये दिसत नाही.

काठ्यांची पिशवी वाहणारा त्यांचा कॅडी हे सगळं हातात झेंडा धरून पाहत असतो. तो त्यांच्याहून फार चांगला खेळतो, हे दोघांनाही ठाऊक आहे; त्यावर बोलायचं नाही असा अलिखित करार आहे. दिल्लीच्या क्लबात कॅडी असलेला अली शेर 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकला होता, हे अप्पांनीच त्याला सांगितलं आणि मग आठवडाभर पस्तावले. हरवलेला चेंडू शोधायला 2019 पासून पाचाऐवजी तीनच मिनिटं मिळतात. कॅडी घड्याळाकडे न बघता बरोबर तिसऱ्या मिनिटाला म्हणतो, "साहेब, दुसरा काढू?"

आणि पाणी! ज्यानं जन्मभर पाणी अडवलं, त्याला आता प्रत्येक तळं अडवतं. ओळख पटावी म्हणून अप्पा चेंडूवर लाल शाईनं 'श्री' लिहितात. त्यामुळे तो तळ्यात पडला की विसर्जन झाल्यासारखं वाटतं आणि बरोबरचे लोक नकळत गप्प होतात. तळ्यात बुडी मारून चेंडू काढणारी पोरं ते धुऊन, पिशवीत भरून स्वस्तात विकतात. 'श्री' लिहिलेला एक चेंडू अप्पांनी असा तीनदा विकत घेतलाय.

हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची कुवत सांगणारा आकडा (जितका कमी तितका बरा), हा त्यांचा खरा विसावा. गेल्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम आठ धरायच्या आणि बारा सोडून द्यायच्या, अशी ती रीत. "आमच्या ऑडिटवाल्यांना ही अक्कल असती तर!" असं ते कळवळून म्हणतात. तो हँडिकॅप 34 वरून 28 वर आला तेव्हा त्यांनी जिलबी वाटली. पुढे तो 31 झाला. ते आम्हाला काकूंकडून कळलं, जिलबीशिवाय.

मला विचाराल तर अप्पांना चांगलं खेळायचं नाहीच. चांगलं खेळायला लागण्याच्या आदल्या दिवशी त्यांना कायम राहायचंय. एकशेआठ फटक्यांच्या फेरीतले एकशेसात ते वहीत लिहितात आणि उरलेला एक आम्हाला सांगतात. परवाचा एक चिंचेला आपटून ग्रीनवर पडला आणि भोकापासून हातभर अंतरावर थांबला. अप्पांच्या सांगण्यात त्या चिंचेचा उल्लेख पहिल्या दिवशी होता, नंतर गळला.

या अवस्थेत माणूस दुसऱ्याला शिकवू लागतो. मला ते सरावाच्या मैदानावर घेऊन गेले. पाऊण तास पकड, खांदे, नजर आणि गुरुत्वमध्य झाला, तेव्हा चहाची तल्लफ आलेल्या मी एकदाची काठी फिरवली. चेंडू उंच गेला, सरळ गेला आणि दीडशे यार्डांच्या पाटीपलीकडे पडला. शेजारच्या दोघांनी मान वळवून पाहिलं. अप्पा बराच वेळ त्या पाटीकडे बघत होते.

"मनगट साफ चुकलंय तुझं," ते म्हणाले.

मग खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर उकिडवे बसले. "आता तेच परत कर. जरा हळू. मनगट नीट दिसू दे."