उणे दोन किलो

सासरवाडी लोहा तालुक्यात आणि बिऱ्हाड लातुरात. त्यामुळे दर सुगीला दोन-तीन कट्टे तूर-हरभरा अहमदपूरमार्गे घरी आणणं माझ्याकडे लागलंय. 2016 साली ज्या शहरानं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तिथल्या माणसाला दोन कट्टे तूर जड होऊ नये. म्हणून गाडीला कॅरिअर बसवायचं ठरवलं.

काळ्या-पिवळ्या जीपला हा प्रश्न नव्हता. तिच्या टपाच्या कडेला पत्र्याची पन्हळ असायची. कॅरिअरचे पाय तिच्यात अडकवून बोल्ट आवळले की वर शेळीसुद्धा निवांत बसून यायची. आमच्या नव्या गाडीचा टप मात्र तेल लावलेल्या टकलासारखा. त्यावर दोन चकचकीत दांडे आहेत, ते कशाला म्हणून शोरूममध्ये विचारलं, तर पोरगं म्हणालं, "लूक आहे सर." लातुरात ज्याच्या हातात पेन आहे तो सर, हे बरं आहे.

माहितीपुस्तिका मी वाचली. गाडीसोबत आलेली पुस्तिका वाचणारा आमच्या गल्लीत मी एकटाच असेन. टपावर जास्तीत जास्त 50 किलो, आणि त्यात कॅरिअरचं वजन धरलेलं. मी हा आकडा वेल्डरला सांगितला. तो हसला. "कंपनी असंच म्हणतंय सर. कशाला घाबरू लालाव?" मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाचाही विषय काढला. "कलम आंब्याला करतात सर, लोखंडाला वेल्डिंग."

त्यानं अँगल-पाइपांचं कॅरिअर केलं. वजन 31 किलो. ताठ, भक्कम, पूल बांधावा तसं. पण आडव्या पट्ट्या एवढ्या लांब-लांब की कट्टा मधून लोंबून टपाला टेकायचा. म्हणून आणखी तीन पट्ट्या टाकल्या. 36. मग गाडी साठच्या वेगापुढं गेली की पाइपांच्या उघड्या तोंडांतून शीळ वाजायची. चाकूरजवळ एक म्हातारा रस्त्यातून बाजूला झाला, त्याला मागून ॲम्ब्युलन्स आल्यासारखं वाटलं. माझं म्हणणं, तोंडांत रबरी बुच मारा. वेल्डरनं लोखंडी टोप्या मारल्या, वारा तोडायला पुढं पत्राही लावला. 42.

दोरी बांधायला कड्या हव्यात, हे मी सुचवलं. ही माझी चूक. कड्या चार कोपऱ्यांत हव्या होत्या. त्यानं 14 लावल्या, त्यातल्या चार दाराच्या नेमक्या वर, म्हणजे दोरी बांधली की मागचं दार उघडत नाही आणि दार उघडायचं तर दोरी सोडायची. शिवाय पुढं, न विचारता आणि फुकट, सळई वाकवून माझं आडनाव. मधला रफार सुटला होता, तो मी दाखवल्यावर जाड सळईचा बसला.

अडतीच्या काट्यावर नेऊन वजन केलं. 52. म्हणजे नियमानं मी आता गाडीवर उणे दोन किलो सामान ठेवू शकतो. शेजारी सोयाबीनची थप्पी लावणाऱ्या हमालानं कॅरिअरला हात लावून पाहिला आणि मनापासून म्हणाला, "मजबूत हाय."

पातळ चौकोनी पाइप, मधे जवळजवळ पट्ट्या, कडेला चार कड्या, आडनाव नाही, असा कागद मी काढून नेला. वेल्डरनं तो उलटासुलटा पाहिला. "सर, हे तर निम्मं बी भरणार नाही," म्हणाला आणि मागच्या बाजूला 27 फोन नंबर लिहून ठेवले.

मागच्या आठवड्यात लोह्याला गेलो. मेव्हण्यानं एक कट्टा खांद्यावर घेतला, टपाकडे पाहिलं. "दाजी, एवढं भारी कॅरिअर. ठेवू का वर?" मी त्याला हिशोब सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही.

दोन कट्टे मागच्या सीटवर बसले, एक पुढं. बायको-मुलं एसटीनं आली. पुढच्या कट्ट्याला बेल्ट लावला नाही की गाडी टिंग-टिंग करते, त्यामुळे शिरूर ताजबंदला थांबून तोही लावला.