सोळा इंचांचा मोह

युरोपात छोटी स्पोर्टी गाडी मागवायला गेलेल्या माणसाची कंपनी आधी तोंडी परीक्षा घेते. चाकं सोळा इंची, सतरा की अठरा? सस्पेन्शन साधं, स्पोर्ट, की बटण दाबलं की स्वभाव बदलणारं? तोच माणूस आमच्या कुडाळकडच्या शोरूममध्ये शिरला की त्याला एकच प्रश्न ऐकू येतो, "सर, लोन करणार ना?"

आपल्याकडे सस्पेन्शन कोणी सुटं विकत नाही. ते व्हेरिएंटबरोबर येतं. मला हवा होता मागचा कॅमेरा, कारण आमच्या पाणंदीत गाडी वळवायची म्हणजे एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची माडाची रोपं. पण कॅमेरा ज्या व्हेरिएंटमध्ये होता त्यातच सनरूफ होतं, सनरूफबरोबर अलॉय होते आणि अलॉय सोळाच इंची होते. म्हणजे मागचं दिसावं म्हणून खालचं रबर कमी करून घ्यायचं आणि वर छपराला खिडकी पाडायची. ज्या जिल्ह्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, जिथे माणसं मे महिन्यातच कौलं चाळून घेतात, तिथे छपराला भोक पाडायचे पैसे मोजायचे!

स्पोर्टी गाडीच्या या नादामागे माझा भाचा होता. तो पुण्यात असतो आणि गाड्यांविषयी त्याला सगळं ठाऊक असतं, फक्त कोकणातले रस्ते सोडून. त्याचं दैवत म्हणजे अबार्थ पुंतो. २०१५ साली रांजणगावच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, १४५ अश्वशक्तीची, चाकांवर विंचू मिरवणारी गाडी. तिच्या आठवणीने तो अजून हळवा होतो. चाकणची पोलो २०२२ साली बंद झाली तेव्हा त्याने घरात सुतक पाळल्यासारखा चेहरा केला होता. त्याच्या मते माणसाने एकदा तरी कडक सस्पेन्शनची गाडी चालवावी. "मामा, रस्ता कळतो रे हाताला!"

आता पुंतो अबार्थचं पोट जमिनीपासून १५५ मिलिमीटर वर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक असावा १०० मिलिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून सुखाने जाते. कागदावर पोट आणि उंचवटा यांत ५५ मिलिमीटरची सुखद फट आहे. पण आमच्याकडचे काही गतिरोधक काँग्रेसने नव्हे, वाडीने बांधलेले आहेत. उरलेलं डांबर, थोडं सिमेंट आणि समोरच्या घरवाल्याचा राग यांतून ते उभे राहतात. रुंदी हातभर, उंची रागाच्या प्रमाणात. त्यावरून अबार्थ गेली असती तर हाताला रस्ता कळला असताच, पोटालाही कळला असता.

मी शोरूममध्ये गेलो तो आईच्या ब्लाउजचं माप घेणारी शिंपीटेप खिशात टाकून. विक्रेता मुलगा चांगला होता, टाय वगैरे लावून. मी उकिडवा बसून टायरच्या बगलेवरचे आकडे बोटाने वाचायला लागलो तसा तो अस्वस्थ झाला. गिऱ्हाइकं साधारणपणे टचस्क्रीनकडे बघतात.

आकडे असे होते. खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४, मधल्याला १८५/६५ आर १५, वरच्याला १९५/५५ आर १६. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के बगलेची उंची, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. तिथेच फरशीवर हिशेब मांडला. चौदा इंचीच्या बगलेत १३२ मिलिमीटर रबर, पंधरा इंचीच्या बगलेत १२०, सोळा इंचीच्या बगलेत १०७. आणि गंमत म्हणजे पुरं चाक तिन्हींचं तेवढंच, व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे चाक मोठं झालेलंच नाही! आतली धातूची थाळी दोन इंचांनी वाढली आणि भोवतालचं रबर बोटभर आटलं. हवेची गादी कमी करून घ्यायची आणि त्यासाठी जादा पैसे द्यायचे, हा व्यवहार मला पटेना.

"सर, लूक बघा ना," मुलगा म्हणाला.

लूक मी बघितला, आणि तो देखणा आहेच. काळ्या-रुपेरी पाकळ्यांचा अलॉय उन्हात चमकत होता. बगल कमी असली की टायर वळणावर मुडपत नाही, स्टिअरिंगला चटकन उत्तर मिळतं, ही भाच्याची बाजूही खरी. पण भाचा हे सांगतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर असतो एक्सप्रेसवे. माझ्या डोळ्यांसमोर होती साइडपट्टी.

साइडपट्टी हा कोकणी रस्त्याचा मर्माचा भाग. आतला रस्ता एका गाडीचा, वाहतूक दोन बाजूंची. समोरून एसटी आली की ती काही उतरत नाही, उतरायचं तुम्ही. डावी दोन चाकं डांबरावरून खाली जातात आणि एसटी गेली की पुन्हा वर चढतात. पावसाने खालची माती धुऊन नेलेली, त्यामुळे डांबराची कड वितीएवढी उंच आणि पात्यासारखी धारदार. टायर त्या कडेवर तिरका चढतो तेव्हा त्याची बगल कड आणि रिम यांच्यात चिमटते. आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या कुशीत लिंबाएवढा फुगा दिसतो. १३२ मिलिमीटर रबराला त्यातून निसटायला जागा असते, १०७ला कमी. खड्ड्यात पोलादी रिम वाकतो आणि हातोडीने पुष्कळदा सरळही होतो. अलॉय मात्र रुसतो, तडकतो.

भाच्याला मी मिनीचं उदाहरण दिलं. १९५९ साली ॲलेक इसिगोनिसने मिनी बनवली तेव्हा तिला चाकं दिली अवघी दहा इंची, आणि स्प्रिंगच्या जागी ॲलेक्स मोल्टनने घडवलेले रबराचे शंकू. त्या चिमुकल्या चाकांवर पॅडी हॉपकर्कने १९६४ साली मोंटे कार्लो रॅली मारली, बर्फातून आणि घाटांतून. पुढच्या वर्षीही मिनीच जिंकली, १९६७ लाही. १९६६ साली पहिल्या आलेल्या मिनीला पंचांनी हेडलाइटच्या नियमावरून बाद केलं, चाकांवरून नव्हे. यावर भाचा म्हणाला, "मामा, तेव्हा दुसरं काही मिळत नव्हतं." तरुण पिढीशी इतिहास बोलू नये.

सस्पेन्शनच्या बाबतीत मात्र मी भाच्याच्या पक्षात गेलो, आणि ते आईमुळे. टेस्ट ड्राइव्हला मी तिला मागे बसवली होती. विक्रेत्याचा बेत असा की कुडाळहून महामार्गाला लागायचं, चौपदरीवर जरा पळवायची, वळून परत. चौपदरीवर पाटाला चाकं लावली तरी छान पळतील. मी गाडी नेरूरपारच्या दिशेला घातली. धामापूर, चौके, पुढे मालवण. मुलाने हँडलला धरलं आणि तो गप्प झाला.

आधी नेली नेहमीची, मऊ सस्पेन्शनची गाडी. गतिरोधक तिने अलगद गिळले, पण वळणांवर ती कलंडायची आणि चढउतारावर पुढेमागे डोलत राहायची. आईने पदराचं टोक तोंडाला लावलं. मग स्पोर्टीवाली. दणका बसला, खडीचा खरखराट खुर्चीपर्यंत आला, पण प्रत्येक धक्का एकदाच. झालं, संपलं. स्प्रिंग म्हणजे भावकीतलं भांडण, एकदा सुरू झालं की वरखाली होतच राहतं. डँपर म्हणजे मधे पडणारा गावकर. मऊ गाडीतला गावकर सगळ्यांचं ऐकून घेणारा, कडक गाडीतला एका शब्दात विषय संपवणारा.

"ह्या गाडयेत माका मळमळला नाय," आईने उतरल्यावर जाहीर केलं. आमच्या घरात गाडीची याहून मोठी परीक्षा नाही. कोल्हापूरला जायचं म्हणजे फोंडाघाट नाहीतर गगनबावड्याचा करूळ घाट. घाटात प्लास्टिकची पिशवी कोणाकडे द्यायची हे आधी ठरवूनच आम्ही निघतो. मग ती चाकांकडे वळली, वाकून निरखलं आणि म्हणाली, "पण रे, ह्या चाकाक रबर लावूक इसारले काय?"

बारा आण्यांचा प्रश्न तिने फुकटात विचारला होता. कडक सस्पेन्शन हवं, लहान रिम हवा. मे महिन्यात डिकीत आंब्याच्या पेट्या चढल्या की मऊ स्प्रिंग बसकण मारते, नाक वर, शेपूट खाली. कडक गाडी भार घेऊनही सरळ उभी राहते. तिच्याखाली जर उंच बगलेचा टायर असेल, तर बारीक खडखड रबर खाईल आणि मोठा हेलकावा डँपर.

खरी कसोटी त्याहून वेगळी आहे, आणि ती कुठल्याच गाडीच्या माहितीपत्रकात छापत नाहीत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या शाळेतून मूर्ती घरी आणायची. मातीची, सोंड ओली असल्यासारखी चकाकणारी, पाटावर ठेवलेली आणि मागच्या सीटवर मांडीवर धरलेली. भाद्रपदातले खड्डे, वर पावसाची झोड, आणि गाडीतले सगळे एकाच वेळी सूचना देणारे, "सावकाश! डावीकडे घे! अरे, सोंड!" त्या वाटेवर ताशी दहा किलोमीटरने जाताना दणका बसला तर तो सात अंगुळं रबराने गिळायचा की साडेपाच, हा प्रश्न मी विक्रेत्याला विचारला. त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने चहा बोलावला.

चहाने उत्तर मिळालं नाही, म्हणून गेलो तिठ्यावरच्या टायरवाल्याकडे. स्पोर्टी गाडी घ्यायची आणि तिला पंधरा इंची रिम चढवायचे, असा माझा मनसुबा. त्याने जॅक खाली ठेवला, हात पुसले.

"आधी आतली डिस्क बसता काय ता बघ. स्पोर्टी गाडयेची डिस्क मोठी असता. रिम कॅलिपराक घासलो तर काय करतलंस?" मग विम्याचं आणि आरटीओचं काढलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. ओरोसला पासिंगच्या रांगेत उभं राहून मी कलमांवर वाद घालावा, इतका माझा चाकांवर जीव नव्हता. "आणि खरा सांगू, भाऊ? तू सोळाच घे. माझा पोट त्याच्यारच चलता."

त्याने मागे रचलेल्या वाकड्या अलॉयच्या चवडीकडे हात केला. आमच्या तालुक्यातला सगळा लूक तिथे एकावर एक ठेवलेला होता.

त्यानेच मला आणखी एक गोष्ट दाखवली. दुरुस्तीला आलेल्या एका सोळा इंची अलॉयवाल्या गाडीची डिकी उघडली, गालिचा उचलला. खाली सुटं चाक होतं, काळं, पोलादी, लहान रिमचं, भरघोस बगलेचं. अशा बऱ्याच गाड्यांत ते तसंच असतं. बाहेरचा व्यास जुळता असल्यामुळे ते अडीअडचणीला चालतं, वर ताशी ८० च्या आत चालवा असं पिवळं स्टिकर. आमच्या धामापूरच्या रस्त्यावर ८० ने जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. म्हणजे रस्त्यात खरोखर अडलं की काढायचं चाक कंपनीने आधीच ठरवून ठेवलंय, फक्त गालिच्याखाली.

शेवटी मधला व्हेरिएंट घेतला. पंधरा इंची, ६५ ची बगल. सस्पेन्शन स्पोर्टी नव्हे, पण मऊही नव्हे. आईने चौक्यापर्यंत पुन्हा एकदा बसून त्याला मंजुरी दिली. सनरूफ टळलं. कॅमेरा बाहेरून बसवायचा ठरला. गाडीचं नाव सांगत नाही, भाचा हा लेख वाचेल.

बुकिंगच्या अर्जावर उरला फक्त रंग. मुलाने उत्साहाने लालवर बोट ठेवलं, "सर, हाच घ्या. याच्यात गाडी एकदम स्पोर्टी दिसते." मी पांढरा म्हणणार होतो. तेवढ्यात आई मागून म्हणाली, "तांबडीच घे रे. धुळ्ळ दिसाची नाय." मुलाने पेन उघडून तयारच ठेवलं होतं.