चोर सोडून कार्बुरेटरला फाशी

उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला ट्रॅक्टरचं सगळं कळतं, हा गैरसमज आमच्या जावईबापूंनी थेट ओहायोपर्यंत नेऊन ठेवलाय. तिथं त्यांनी घरासोबत थोडी जमीन घेतली आणि जमिनीसोबत एक म्हातारा फोर्ड ८एन. "बाबा, तुम्ही आलात की बघू," म्हणत त्याचा कार्बुरेटर खोलून, नवं किट घालून त्यांनी आधीच बसवलाही होता. ट्रॅक्टर झोकात सुरू व्हायचा, गवताच्या मध्यापर्यंत जायचा आणि मान टाकायचा. अर्धा तास पडून राहिला की पुन्हा तयार. कष्टाच्या यंत्राला एवढी वामकुक्षी शोभत नाही.

माझी पंचाईत अशी की आमच्याकडचा ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, त्याला कार्बुरेटर नसतोच. तो बंद पडला की मिस्त्री "हवा धरली" म्हणतो, स्क्रू ढिला करून फेस काढतो आणि चहा मागतो. कार्बुरेटरचं माझं शिक्षण झालं ते चेतकवर. स्कूटर एका कुशीवर आडवी करायची, उभी करायची, किक मारायची. हजारेक किलोंचा ८एन आडवा कोण करणार?

१९४७ ते १९५२ या काळात फोर्डनं हे ट्रॅक्टर पाच लाखांवर बनवले. बांधणी इतकी साधी की पेट्रोलला पंपसुद्धा नाही. टाकी वर, कार्बुरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं. कार्बुरेटरही उलट्या चालीचा, हवा खालून वर ओढणारा. फ्लोट अडकला तर जादा पेट्रोल जमिनीवर ठिबकतं. इथं तर जमीन कोरडी ठणठणीत.

तरी जावईबापू पाना घेऊन पुन्हा कार्बुरेटरवरच निघाले. जेट, नीडल, फ्लोटची उंची, सगळं त्यांनी व्हिडिओ बघून पाठ केलेलं. सासऱ्यानं जावयाला अडवायचं तरी कसं? "आधी करंट बघू या का?" असं मी मुलगी बघायला गेल्यासारखं अदबीनं विचारलं. बॅटरी सहा व्होल्टची, त्यात अर्थ पॉझिटिव्हला. माझा निम्मा अनुभव तिथंच बाद झाला. पण इंजिन बंद पडल्या पडल्या ठिणगी पाहिली तर निळी, खणखणीत. कॉइल आणि कंडेन्सर निर्दोष सुटले.

तेवढ्यात शेजारचे शेतकरी आजोबा आले. बोलण्यात भलतेच काटकसरी. त्यांनी कार्बुरेटरखाली लोणच्याची रिकामी बरणी धरली आणि तळाचा प्लग काढला. धार आधी जाड, मग बारीक, मग नुसते थेंब.

"जाळीत कचरा!" जावईबापू विजयी मुद्रेनं म्हणाले.

आजोबांनी बॉनेटवरची झडप उघडून टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स! धार पुन्हा जाड.

झाकणाला एक बारीक भोक असतं. जेवढं पेट्रोल खाली उतरेल तेवढी हवा त्यातून आत यायला हवी, नाहीतर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल जागच्या जागी लटकतं. अर्ध्या तासात हवा कशीबशी झिरपते, म्हणून ती वामकुक्षी. हे भोक ताज्या राखाडी रंगानं बुजलं होतं. रंग कोणाच्या हातचा, हे मी सासरा या नात्यानं विचारलं नाही. आजोबांनी सुईनं भोक मोकळं केलं, हात पुसले आणि गेले. चहासुद्धा मागितला नाही, हे मात्र आमच्या मिस्त्रीला सांगायची सोय नाही.

माझं मत विचाराल तर कार्बुरेटर बदनाम आहे तो केवळ त्याचं किट बाजारात मिळतं म्हणून. झाकणाच्या भोकाचं किट कोणी विकत नाही, त्यामुळे त्याच्यावर कोणाचा संशयही जात नाही.

तेव्हा जुनी जावा, येझदी, चेतक किंवा परदेशात असा एखादा म्हातारा ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांना हात जोडून विनंती: गाडी चालता चालता गचके खाऊन बंद पडली, तर कार्बुरेटरला पाना लावण्याआधी टाकीचं झाकण सैल करून बघा. त्याला पानाही लागत नाही आणि जावईही.