पुढून मेफिस्टोफिलीस, मागून मार्गारेटा

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात एकाच लाकडातून कोरलेला दुहेरी पुतळा आहे. पुढून ताठ उभा सैतान मेफिस्टोफिलीस, मागून मान खाली घातलेली साधीभोळी मार्गारेटा. मागची बाजू आरशात दिसते. हायटेक सिटीतल्या आम्हा डेटा सायंटिस्टांचं तेच, फक्त आरसा घरी असतो. मीटिंगमध्ये मॉडेलची अचूकता छातीठोकपणे सांगायची आणि जागेवर येऊन पी-व्हॅल्यू म्हणजे नक्की काय, हे चोरून पुन्हा शोधायचं. शेजारचाही स्क्रीन तिरका करून तेच शोधत असतो. अमीरपेटमधून जाताना आयटी क्लासच्या पाट्या आपल्यालाच हाका मारतायत असं वाटतं.

मानसशास्त्रज्ञ पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ साली आपण तोतये आहोत या भावनेला नाव दिलं, तेही कर्तबगार बायकांचा अभ्यास करून. वाचून बरं वाटलं. लगेच शंका आली, आपण कर्तबगार कुठे?

हैदराबाद विद्यापीठाच्या आवारात ज्यांच्या नावाची संस्था आहे, त्या संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४५ साली दाखवलं, की निःपक्षपाती अंदाजातली चूकही एका मर्यादेखाली नेता येत नाही. स्वतःबद्दलचा अंदाज तर निःपक्षपातीही नसतो.